बॅटीवर येणारा चेंडू

गोपीनाथ माझा चुलतभाऊ. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात आम्ही दोघांनी बरोबरीनं पाय फोडून घेतले. पुढे तो कल्याणला रेल्वेच्या साहेबांच्या मैदानावर पगारी गोलंदाज झाला आणि मी राहिलो तिथंच. मला त्याचा हेवा वाटायचा, लपवून काय करू?

पगारी गोलंदाज म्हणजे काय, हे आम्हाला आठवडाभरातच कळलं. संध्याकाळी तिथला मोठा साहेब बॅट घेऊन उभा राहायचा, गोप्यानं चेंडू टाकायचे, साहेबानं मारायचे. पहिल्याच आठवड्यात गोप्यानं त्याचा स्टंप तीनदा उडवला. मडमेसमोर साहेब लालबुंद झाला आणि निघून गेला. मैदानाचा मुकादम महिपत मग गोप्यावर घसरला. तुला साहेबाला बाद करायला ठेवलेलं नाही, चेंडू बॅटीवर आला पाहिजे, असं त्यानं बजावलं. साहेबाला पुढे पडलेला सरळ चेंडू आवडतो हे गोप्यानं हेरलं आणि दोन वर्षं रोज तिथंच टाकला. नोकरी टिकली.

१८९१ साली ठाण्याच्या कचेरीतल्या कारकुनांनी क्लब काढून कल्याणच्या त्याच साहेबांशी सामना ठरवला. क्लबाकडे गोलंदाज नव्हता. मिठागरातला आगरी पोरगा घ्यावा की नाही, यावर बराच खल झाला. शेवटी क्लबाचे प्रमुख विठ्ठलराव गोप्याला म्हणाले, "तुझ्या त्या साहेबाला बाद कर. मग तू कायमचा आमचा खेळाडू. कोणी तोंड उघडणार नाही."

खेळाडू! त्याला आजवर तसं कोणी म्हटलं नव्हतं. आठवडाभर तो तेवढा एकच शब्द घोळवत होता.

सामन्यात त्यानं पाच जणांना गारद केलं. मग गोप्याचा साहेब खेळायला आला. गोप्या धावत आला आणि चेंडू पडला पुढे, सरळ, बॅटीवर. सीमेपार गेला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. साहेबानं एकट्यानं सामना जिंकला आणि जाताना सगळ्यांदेखत गोप्याच्या पाठीवर थाप मारली.

विकला गेला, असं पहिल्यांदा मीच म्हणालो. इतरांनी री ओढली. विठ्ठलरावांनी त्याचं नाव काढून टाकलं.

चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो मिठागराच्या बांधावर काठी रोवून एकटाच चेंडू टाकताना दिसला. चेंडू हवा तसा वळत होता, काठी दर खेपेला आडवी होत होती. माझं डोकंच फिरलं. इथे जमतं ते तिथे का नाही, असं मी खडसावून विचारलं.

त्यानं चेंडू उचलून आणला. नुसतं म्हणाला, "फली घे. सायबावानी उभा रा."

मीठ ओढायची लाकडी फळी घेऊन मी साहेबासारखा डावा पाय पुढे टाकून काठीपुढे उभा राहिलो. म्हटलं, "आता मना बाद कर."

तो धावत आला. चेंडू पुढे, सरळ, फळीवर. पुन्हा फळीवर. सहा चेंडू झाले. चिखलाचे सहा डाग फळीवर एकाच जागी उमटले.

"ह्यो हात माजा नाय रं, गोविंदा," तो म्हणाला. मला रडू आलं.

दुपारी तो नेहमीच्या गाडीनं कल्याणला गेला. साहेबाच्या सरावाला उशीर करून चालणार नव्हतं.