कपाटातला पंप

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. दम्याचा पंप, निळ्या प्लॅस्टिकचा, मुठीत मावेल एवढा. माझ्या पोटात औषधाची छोटी डबी बसते. ती संपली की नवी येते, पण मी तोच राहतो. मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे. पण त्यात पदरचे काही नाही.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे हजारभर भाऊ रांगेत पडले होते. मला औषधांच्या दुकानातून शिवणकाम करणाऱ्या एका आईने नेले. तिच्या मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. जास्त धावली किंवा धूळ उडाली की तिची छाती शिट्टीसारखी वाजू लागे. मग ती मला तोंडाशी धरी, मी फुस्स करी, आणि थोड्याच वेळात बाईसाहेब पुन्हा उड्या मारायला मोकळ्या!

आईने तिच्या गणवेशाला आतून टिचबटणाचा एक खिसा शिवला, खास माझ्यासाठी. शाळा सुरू झाली त्या दिवशी ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापिकांना भेटली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्या म्हणाल्या, "पंप तिच्याच खिशात राहील. माझा शब्द आहे." शेजारी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंनीही मान डोलावली. या बाईंवर मुंगीचा फार जीव होता. त्यांच्यासारखे अक्षर काढता यावे म्हणून ती घरी पानेच्या पाने गिरवी.

मग एके दिवशी वर्गातल्या एका वात्रट मुलाने मला पळवले आणि गंमत म्हणून दुसऱ्याच्या कानात फुस्स केले. त्या दुसऱ्याचे वडील तणतणत शाळेत आले. झाले! चोर सोडून संन्याशाला सुळी. सगळी औषधे कार्यालयातल्या कपाटात कुलपात ठेवायची, असा नियम निघाला. मुंगीच्या खिशाचे बटण वर्गाच्या बाईंनी स्वतःच्या हाताने उघडले. "मागशील तेव्हा मिळेल हं," त्या म्हणाल्या. आईला कुणी कळवले नाही. घरी दुसरा पंप होता, त्यामुळे तिला पत्ताही लागला नाही. आणि मुंगीला काय, बाई म्हणाल्या म्हणजे खरेच असणार!

कपाटात माझ्या एका बाजूला खडूंची खोकी होती आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप. एका दुपारी वर्गाच्या बाई खेळाचा तास घेत असताना मुंगीची बाकावरची मैत्रीण धापा टाकत कार्यालयात आली. "काका, पंप द्या! लवकर!"

कारकून काका भला माणूस. त्यांनी लगेच कुलूप काढले आणि फुटबॉलचा पंप तिच्या हातात दिला. "पिन सांभाळ गं, मागच्या वेळी हरवलीत."

ती तशीच पळाली, आणि कपाट पुन्हा बंद झाले. मी आतून किती ओरडलो असेन! पण दाबल्याशिवाय मला आवाज नाही. ती रडत परत येऊन मला घेऊन गेली, तोवर भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटे झाली होती. मुंगीचे ओठ निळे पडले होते. मला तोंडात धरण्याचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. दोन दिवस ती दवाखान्यात होती.

तिसऱ्या दिवशी आई मुंगीला घेऊन मोठ्या बाईंसमोर बसली. वर्गाच्या बाईही तिथे होत्या. मी तिच्या मुठीत होतो. शाळेने कागद तयारच ठेवला होता. त्यात लिहिले होते, 'विद्यार्थिनीने त्रास होत असल्याचे वेळेत सांगितले नाही.'

मुंगीने तो कागद वाचला आणि ती वर्गाच्या बाईंकडे वळली. "बाई, मी तीनदा मागितला ना? तुम्ही म्हणालात, नाटक पुरे, तास संपू दे."

बाई हजेरीपटाची पाने उलटत राहिल्या. 'हो' एवढेच म्हणायचे होते. एक अक्षर! पण ते त्यांच्या तोंडून निघाले नाही. मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

आईचा आवाज मात्र चढला नाही. "बाकीच्या मुलांना चष्मा लावायला कुणाची परवानगी लागते का? मग माझ्या लेकीला श्वास घ्यायला का लागावी? मला मेहेरबानी नको. तुम्ही दिलेला शब्द पाळा आणि ही खोटी ओळ खोडा."

ती उठायचे नाव घेईना. शेवटी मोठ्या बाईंनी ती ओळ खोडली, नियम बदलला, आणि मी पुन्हा खिशात आलो. माफी मात्र कुणी मागितली नाही.

मित्रांनो, एखादे मूल औषध मागत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. आधी औषध द्या, मग काय विचारायचे ते विचारा. आणि त्याने मागितले होते हे तुम्हाला ठाऊक असेल, तर चारचौघांत तसे सांगा.

मुंगी आता बरी आहे. छाती वाजू लागली की कुणाला न विचारता मला बाहेर काढते. मोठी माणसे म्हणतात, पोरगी शहाणी झाली. परवा परीक्षेत तिची पेन्सिल मोडली. बाई समोरच उभ्या होत्या, पण तिने दुसरी मागितली नाही. अर्धा पेपर कोरा ठेवून ती घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली.