सात सुरगाठी

खोलीत माणसं एकतीस, दाराबाहेर चपलांचे जोड एकतीस, पंखा एक आणि बाबांच्या लाल दोऱ्याला गाठी सात. मी दोनदा मोजल्या. एकतीस जणांत भौतिकशास्त्राची पदवीधर मी एकटीच, म्हणून ‘नीट निरीक्षण करायला’ पहिल्या रांगेत.

शेजारी ताई. तिला सातवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “वारेवर, म्हणजे प्लॅसेंटावर, गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण तिच्यामुळे पोटात पाणी वाढतं, बाळाच्या हृदयावर ताण येतो. दर आठवड्याला सोनोग्राफी चुकवू नका.” ताईने त्यातला ‘गाठ’ एवढाच शब्द ऐकला. आणि गाठ सोडवणारे बाबा तर गल्लीतच होते.

“पोटातली गाठ म्हणजे कर्माची गाठ!” बाबा गरजले. बोट माझ्याकडे वळलं. “शिकलेला, निष्पाप हात हवा. धर टोक. मी फुंकतो, तू ओढ!”

निष्पाप हात पुढे झाला. फू! मी ओढलं. सातही गाठी गायब.

“सुटली!” बाबा ताईला म्हणाले. “आता त्या यंत्राखाली झोपलीस, तर परत बसेल.”

घरी ताईने जाहीर केलं, “उद्या सोनोग्राफी नाही.”

“मी स्वतः ओढला ना दोरा!” मी साक्ष दिली. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं चोख.

आई अभ्रे शिवत होती. “गाठी दिसायला कशा होत्या?” तिने विचारलं. मी चित्र काढून दिलं. तिने दोऱ्याला सात गाठी मारल्या. “ओढ.”

सातही गायब.

“पण तू फुंकलं नाहीस,” मी म्हणाले.

“पंखा लावू का? अगं शहाणे, ही सुरगाठ! टोकं ओढली की सुटते. पायजम्याची नाडी रोज कोण सोडतं, बाबा?” मग तिने निरगाठ मारली. मी ओढली, तशी ती आणखी घट्ट झाली. “ही ने त्यांच्याकडे. म्हणावं, फुंका आता.”

ताई हसली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, “आई, माझी कुठली गं?”

“ते दोऱ्याला काय ठाऊक? जिथे दिसते, तिथे जाऊन मोजून ये.”

दुसऱ्या दिवशी मोजली. पाच सेंटिमीटरची पाच पूर्णांक सहा झाली होती, पाणीही वाढलं होतं. ताईला तिथेच दाखल केलं, सुईने पाणी काढलं. पुढचे सगळे आकडे मी वहीत उतरवले. निष्कर्षाची जागा कोरी ठेवली.

पाच आठवड्यांनी मुलगी झाली. वजन दोन किलो दीडशे ग्रॅम. वारेबरोबर बाहेर आलेली गाठ, सहा पूर्णांक दोन सेंटिमीटर.