एकशेबारा आणि एकशेतेरा

एकशेअकराव्या पानानंतर एकशेचौदावे पान आले. शामलाने पान मागे उलटले, पुन्हा पुढे उलटले. हा कागद इतर पानांपेक्षा जाड होता. चिमटीत धरून वाकवताना तो किंचित अडत होता. बाहेरच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, वाळलेली पांढुरकी रेघ होती. मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नये इतकी बारीक.

शाळेतून येऊन तिने अजून पातळही बदलले नव्हते. ती उठली. रेघेतला एक कण नखाने खरवडून बशीत घेतला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि कपाटातल्या टिंचर आयोडीनचा एक थेंब सोडला. कण निळा-जांभळा झाला. नववीच्या मुलींना ती हाच प्रयोग बटाट्याच्या कापावर दाखवत असे. पुस्तकाच्या बांधणीला सरस लावतात. त्याचा असा रंग होत नाही. ही पिठाची खळ होती, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिजवलेली.

कोणाच्या, ते शोधावे लागणार नव्हते. प्रतापनगरातल्या सहाजणींनी पंचाहत्तर साली वाचक मंडळ सुरू केले, तेव्हापासून नवी कादंबरी आधी पार्वतीबाईंकडे जायची. त्या सगळ्यांत वडील. त्या पुस्तकाला खाकी कव्हर घालायच्या, आत क्रमांक टाकायच्या आणि मग ते घरोघर फिरायचे, प्रत्येकीकडे आठ दिवस. दर शनिवारी दुपारी तीन वाजता पार्वतीबाईंच्या बैठकीत सगळ्या जमत आणि आपण सध्या काय वाचतो आहोत ते पाळीपाळीने सांगत. जिचे वाचायचे राहिले आहे तिला पुढचे सांगायचे नाही, एवढा एकच नियम.

गेल्या शनिवारी शेजारच्या इंदूबाईंनी याच कादंबरीविषयी बोलताना तो मोडला होता.

"मले राहवत नाही. ही कुमुद सरळ घर सोडून निघून जाते! एखादी थापड मारली असन नवऱ्यानं, ते कोणाच्या घरी होत नाही? पण घर सोडायचं? काहून गेली, ते लिहिणाऱ्यालेही माहीत नाही."

"सुख टोचते वं एकेकीले," पार्वतीबाई म्हणाल्या होत्या. अडकित्त्यात सुपारी तशीच धरून त्यांनी शामलाकडे पाहिले होते. मग बाकीच्यांनीही पाहिले होते.

शामला चौदा महिन्यांपूर्वी खाप्याहून, सासरहून, एका ट्रंकेनिशी भावाकडे आली होती. का आली ते तिने कोणालाच सांगितले नव्हते. परत कधी जाणार, असे कोणी विचारले की ती "बघू" म्हणे. शेवटी पार्वतीबाईंनी ते काम आपल्या अंगावर घेतले. खाप्याला पत्रे गेली, तिकडून आली. येत्या गुरुवारी शामलाचे थोरले दीर, भैय्याजी, तिला न्यायला येणार होते. तसा शब्द पार्वतीबाईंनी दिला होता. देण्याआधी शामलाला विचारलेही होते. ती "बघू" म्हणाली होती, आणि त्याचा अर्थ 'हो' असा घेतला गेला होता.

तिने स्टोव्ह पेटवून किटली ठेवली. वाफेवर पानाची कड धरून, विणायची सुई हळूहळू आत सरकवत नेली. खळ सुटायला बारा मिनिटे लागली. एकशेबारा आणि एकशेतेरा ही पाने एकमेकांपासून वेगळी झाली.

त्या दोन पानांत कुमुदचा नवरा कामाला निघताना तिला कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत होता. पोस्टमन दारात येऊन तिच्या नावाने हाका मारत होता. कुमुदला फटीतून त्याची पावले दिसत होती, पण ओ देता येत नव्हती. ओ दिली तर शेजारी विचारतील, आणि मग संध्याकाळी नवरा विचारील. पावले वळून गेली. एकशेचौदाव्या पानावर ती पिशवी घेऊन स्टेशनात उभी होती.

शामलाने दोन्ही पाने दोनदा वाचली. किटलीतले पाणी आटून बूड तडतडू लागले, तेव्हा तिने स्टोव्ह बंद केला.

मंडळाची वाचून झालेली पुस्तके तिच्या भावजयीच्या, प्रेमलताच्या, कपाटात असत. अकरा होती. जेवणाआधी तिने ती अकराही खाली काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, क्रमांक बघत, एकेक पान उलटले.

"काय शोधून राहिली वं?" प्रेमलताने दारातून विचारले.

"काही नाही, वहिनी. मोजून राहिली."

शनिवारी पार्वतीबाईंच्या बैठकीत नेहमीसारखी सतरंजी घातली होती. सहावी, आणखी एक शिक्षिका, मुलाच्या आजारपणामुळे आली नव्हती. सुरुवात प्रेमलताने केली. तिची अजून चाळीसच पाने झाली होती. घरात मुलांच्या परीक्षा.

"मी तर ऐतिहासिक वाचून राहिली," इंदूबाई म्हणाल्या. "सत्तर पानं झाली, पण अजून कोणी घोड्यावरून खालीच उतरलं नाही. जेवतात कवा, देव जाणे."

पार्वतीबाईंची भाची जया, कॉलेजात जाणारी, तोंडावर पदर धरून हसली. मग शामलाची पाळी आली.

"मी कुमुदची कादंबरी वाचली," ती म्हणाली. "पूर्ण वाचणारी मी दुसरी. पहिल्या पार्वतीकाकू."

"आम्ही काय अर्धी वाचली?" इंदूबाई म्हणाल्या.

शामलाने उत्तर न देता पुस्तक उघडले आणि वाचायला लागली. आवाज वर्गात असतो तेवढाच, ना चढा ना उतरता. पोस्टमनची पावले वळली तेव्हा इंदूबाईंनी हात वर केला.

"थांब वं. हे कुठं होतं?"

"एकशेबारा आणि एकशेतेरावर. खळीनं चिकटवलेलं होतं."

इंदूबाईंनी पुस्तक ओढून घेतले. सुटलेल्या कडेवर बोट फिरवले.

"अन् मी आठ दिवस त्या बाईले शिव्या देऊन राहिली!" त्या म्हणाल्या. "कोणी हा शहाणपणा केला?"

"मी केला," पार्वतीबाई म्हणाल्या. अडकित्ता त्यांनी खाली ठेवला नाही. "मंडळात लग्नाच्या पोरी आहेत. त्यायच्या डोक्यात काय जावं, काय नाही, हे कोणी पाहावं?"

"मावशी, पण पाचव्या पुस्तकात तर खून होता," जया म्हणाली. "तो तुम्हीच मले वाचाले दिला."

"तू गप बस."

"अकराही पुस्तकं मी काल पाहिली," शामला म्हणाली. "त्यांत दोन खून आहेत. एक बाई विष घेते. एका ठिकाणी सून जळते. एकही पान चिकटवलेलं नाही. या पुस्तकातसुद्धा सत्तेचाळीसाव्या पानावर नवरा तिला मारतो, ते पान उघडं आहे."

तिने इंदूबाईंच्या हातातले पुस्तक घेऊन पार्वतीबाईंपुढे ठेवले.

"मग हीच दोन पानं का, काकू?"

पार्वतीबाईंनी एक सुपारी कातरली. तिचे तुकडे तबकात पडले, पण त्यांनी ते कोणापुढे केले नाहीत.

"तुह्यासाठी," त्या शेवटी म्हणाल्या. "बसत आलेली घडी. तू आधीच काठावर. चौदा महिने नुसतं बघू, बघू. म्हटलं, हिच्या हाती हे पडलं तर गुरुवारचं काही खरं नाही. मी तुह्या भल्याचंच पाहून राहिली ना?"

"ही पानं माझ्या हाती पडू नयेत, हे तुम्हाला कसं कळलं?" शामलाने विचारले. "त्या खोलीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दादाला नाही, वहिनीलाही नाही."

"कोणती खोली?" प्रेमलता म्हणाली. "शामला, कोणती खोली वं?"

"धान्याची. सहा फूट बाय आठ. खिडकी नाही. बाहेरून कडी. आठवड्यातून तीन दिवस, कधी चार." तिची नजर पार्वतीबाईंवरून हलली नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं, काकू?"

"भैय्याजीनं लिहिलं होतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "पहिल्याच पत्रात. लपवलं नाही त्यायनं. आता तसं होणार नाही, हेही लिहिलं. माणूस चुकते, सुधारते. संसारात..."

"पहिल्याच पत्रात," शामला म्हणाली. "म्हणजे जूनमध्ये."

"हो."

"आता नोव्हेंबर आहे."

प्रेमलताने तोंडावर पदर घेतला होता. इंदूबाई पार्वतीबाईंकडे पाहत होत्या. पाच महिने पार्वतीबाईंनी काही ठाऊक नसल्यासारखा शामलाला दर शनिवारी चहा दिला होता. कुमुदविषयी बोलताना सगळ्यांनी आपल्याकडे का पाहिले, हे तिला तेव्हा कळले होते. पार्वतीबाईंनी ते सगळे जाणून पाहिले होते, हे आत्ता कळत होते.

"झालं ते झालं," पार्वतीबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "मी शब्द देऊन बसली वं. भैय्याजी गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघन. त्याले मी काय सांगू?"

शामला उठली. उठताना सतरंजीची कड दुमडली, ती तिने वाकून सरळ केली.

"सांगा, ती येत नाही म्हणून. या गुरुवारी नाही, पुढच्याही नाही." मग, आजवर जे कोणापुढेच बोलली नव्हती ते तिने वर्गातली भाषा सोडून, घरी बोलत असे तसे म्हटले, "मी खाप्याले परत जाणार नाही."