जाड तेल

हजार सीसीचं, तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन, आणि टर्बो लावून त्यातून शंभर घोड्यांचा जोर काढतात. असल्या इंजिनांवर माझा पहिल्यापासून राग. आतला रबरी टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो आणि तेल लागतं पाण्यासारखं पातळ, तेही ठरावीकच. "या पाण्यानं काय डोंबल होणार?" म्हणत मी धाकट्या बहिणीच्या गाडीत दोन वर्षं माझ्या हातानं जाड तेल भरलं. घरची गाडी, म्हणून चांगलं महागातलं.

मागच्या महिन्यात तिचा नवरा म्हणाला, "दादा, ब्रेक दगडासारखा लागतो." मी बॉनेटही उघडलं नाही. "पायात जोर आणा, पाहुणे," म्हणून हसलो.

आठवड्यानं उतारावर गाडी थांबलीच नाही. तो जागीच गेला.

आज ती चेपलेली गाडी माझ्या गॅरेजात होती. खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, तर आतली जाळी बेल्टच्या काळ्या चिंध्यांनी गच्च भरलेली. माझ्या तेलानं बेल्ट सोलला होता आणि ब्रेकला जोर देणाऱ्या पंपापर्यंत तेल पोचतच नव्हतं.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "काय सापडलं, दादा?"

मी जाळी पाठीमागे धरली. "कंपनीचा मालच भिकार," म्हणालो.

तिनं मान हलवली. "आणि हे त्या सकाळीसुद्धा म्हणत होते, ब्रेक दादांना दाखवलाय, आता काळजी नाही."