वीणावहिनींचा पाय

आखातातल्या हमरिया फ्री झोनच्या त्या गोदामात किसनच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस सापडणं मुश्किल. नव्या पोरांना तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, ही फोर्कलिफ्ट रोज सकाळी केळं दाखवल्याशिवाय स्टार्ट होत नाही. आणि पोरं दाखवायची! मग ते केळं हाच खायचा.

त्याच्या थापांना सगळ्यात जास्त हसायचा तो धनंजय. अल नहदाच्या फ्लॅटमधला त्याचा जुना रूममेट. तासगावचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. धनंजयच्या पलंगाच्या वर भिंतीला एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. फ्रान्समधलं कुठलंसं शहर, मधोमध भलंमोठं कॅथीड्रल आणि खाली कोपऱ्यात वाइनचं तळघर. "वीणाला घेऊन एकदा जाणार," तो म्हणायचा. "आमच्या द्राक्षांची चुलत भावंडं तिथं काय दिवे लावत्यात, बघून येणार."

आता त्याच धनंजयचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कावीळ आहे असं त्याला वाटत होतं. डॉक्टरांनी किसनला बाहेर बोलावून सांगितलं, कॅन्सर आहे, सगळीकडे पसरलाय, लवकर घरी पाठवा. किसननं तासगावला फोन केला. वीणावहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावोजी, त्यांना सांगू नका. नुसतं पाठवा."

नुसतं पाठवा! आणि हा गडी हलायला तयार नाही.

"कावीळच हाय की. उतरंल. दिवाळीला जातो."

शेवटी किसननं तिकीट काढूनच टाकलं आणि सौदा केला. "उद्या सकाळी तू घरी जायचं. त्याबदल्यात आज मी तुला तुझ्या कॅलेंडरात नेतो."

"फ्रान्सला? आणि व्हिसा?"

"अबू धाबीला जायला कसला व्हिसा? यल्ला, चप्पल घाल."

शेख झायेद रोडला लागल्यावर किसनमधला गाइड जागा झाला. पहिलं टोल गेट आलं तसा ओरडला, "फ्रान्सची बॉर्डर! पासपोर्ट काढा!" एका बिल्डिंगवरची क्रेन दाखवून म्हणाला, "डावीकडे आयफेल टॉवर. रिपेअरला काढलाय." धनंजय पोट दाबून हसत होता. हसताना दुखतंय, हे किसनला दिसत होतं. तरी तो थांबला नाही. थांबला असता तर काय बोलायचं, हा प्रश्न होता.

अबू धाबीतलं कॅथीड्रल पाहून धनंजयनं कमरेवर हात ठेवले. "हे ऐतिहासिक?"

"माझ्याच वयाचं असेल. मग मी काय कमी ऐतिहासिक आहे?"

आत मेणबत्त्या लावायची जागा होती. धनंजयनं एक लावली. "वीणासाठी," म्हणाला. किसननंही एक घेतली, पण न पेटवताच ती खिशात घालायला निघाला. धनंजयनं त्याचं मनगट धरलं आणि शांतपणे ती लावून दिली.

"मेणबत्ती खिशात कशाला रं?"

"भूक लागलीय."

कॉर्निशवरच्या एका हॉटेलात अर्श म्हणून किसनचा दोस्त स्टोअरकीपर होता. तो त्यांना सर्व्हिस लिफ्टनं खाली तळघरात घेऊन गेला. थंडगार खोली, रॅकवर आडव्या निजलेल्या बाटल्या. अर्शनं एका ग्लासात घोटभर वाइन ओतली. "अंकल, सिर्फ सूंघना, हां," म्हणाला आणि फोन आला म्हणून वर गेला.

धनंजयनं ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले.

"शेड," तो म्हणाला. "आमची बेदाण्याची शेड. आण्णा खाटेवर बसल्यात, जाळीवर ओला माल टाकलाय. अगदी तोच वास, किसन."

डोळे उघडले तेव्हा त्याच्या पिवळ्या तोंडावर तरतरी आली होती. "बरं वाटाय लागलं बघ मला. ते तिकीट कॅन्सल कर. उद्यापासनं कामावर येतो."

किसन एका खोक्यावर बसला. आता थाप सुचेना.

"धनू, कावीळ नाहीये. कॅन्सर आहे. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. घरी जा रे बाबा."

 धनंजय असा खदखदून हसला, की ग्लासातली वाइन शर्टावर सांडली.

"डॉक्टरला केळं दाखवलंस का न्हाई? लेका, मरणाचीबी थाप मारतोस!"

"आईशप्पथ, धनू."

"तुझ्या आईला आजवर किती येळा मारलंयस, मोज की!"

रिपोर्ट किसनच्या फोनमध्ये होता. त्याचा हात खिशात गेला. समोर धनंजय डोळे पुसत हसत होता. हात तसाच रिकामा बाहेर आला.

"बरं, पकडलंस. खरं सांगतो," किसन म्हणाला. "वहिनी शेडच्या पायरीवरून पडल्या. पाय मोडलाय. तुला सांगू नको म्हणाल्या."

धनंजयचं हसू जागच्या जागी खलास. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि किसनच्या खांद्यावर सणसणीत फटका मारला.

"आणि हे आत्ता सांगतोस? माझी बायको तिकडं पडलीया आणि मला वाइन हुंगाय लावतोस? चल! आजचंच इमान मिळतंय का बघ."

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंप लागला. धनंजय वॉशरूमला गेला तेवढ्यात किसननं तासगावला फोन लावला.

"वहिनी, तुमचा पाय मोडलाय."



"कुठला, भावोजी?"

"डावा. शेडच्या पायरीवरून पडलात. उद्या तो पोचायच्या आत कुणाकडून तरी प्लास्टर घालून घ्या."

"बरं," त्या म्हणाल्या. "डावा."

मागून धनंजय भिंतीला धरत आला आणि त्यानं फोन हिसकावला. "तीच हाय न्हवं? दे इकडं! वीणा? लई दुखतंय का गं?"

पलीकडून वीणावहिनींचं रडणं गाडीच्या या बाजूपर्यंत ऐकू आलं.

"रडू नगंस. येतोय मी. तू उठायचं न्हाई, पाण्यालाबी न्हाई. मी हाय की आता सगळं करायला."

किसननं बादलीतला ब्रश उचलला आणि पुढची काच धुवायला घेतली. पंपावरचा पोऱ्या म्हणाला, "भाईसाब, अभी तो साफ किया." किसननं मान हलवली आणि तो काच धूतच राहिला.