शेजारच्या माणसाला काढून बघा

घड्याळजींनी इंग्रजीचं पुस्तक हातात धरलं ते सत्तरी उलटल्यावर, आणि तेही नातीच्या धाकाने. नात दूरदेशी वाढलेली. 'आजोबा' सोडून मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. मागल्या रविवारी फोनवर त्यांनी तिला सांगायला घेतलं, की तुझ्या पाळण्याजवळचं घड्याळ आजीने आणि मी मिळून केलं.

"ग्रँडमा अँड मी मेड..."

पोर खुदकन हसली. "अँड आय, आजोबा!"

घड्याळजी ओशाळले. त्यांनी फोनच ठेवून दिला. गोष्ट पोटातच राहिली. आजी गेल्यापासून ती ठाऊक असलेले ते एकटेच होते.

वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायची. तिने ते वाक्य ऐकताक्षणी दुखणं ओळखलं.

"काका, आपला 'मी' आणि इंग्रजांचा 'मी', आवाज एकच. पण त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला'."

"म्हणजे वाटतो सख्खा, निघतो चुलत!"

"अगदी! अडलं ना, की शेजारच्या माणसाला वाक्यातून काढून बघायचं. एकट्याने चाललं तर बरोबर."

घड्याळजी जेवणाच्या टेबलावर सरावाला बसले. मोठ्या अक्षरात वाक्य लिहायचं, 'ग्रँडमा'वर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. आय मेड द क्लॉक. चालतंय. आय लिव्ह इन धिस हाउस. चालतंय. आय ईट ॲट सेव्हन. तेही चालतंय. एकट्या माणसाचं कुठेच काही अडत नव्हतं. समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. तिथे बसायला कुणी नसलं, की खुर्चीचं असंच होतं. हळूहळू अंगठा जड होऊ लागला. एका वाक्यावर तो टेकवेचना, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

रविवारी त्यांनीच फोन लावला.

"हू इज इट?" नातीने विचारलं.

"मी!" गडबडीत तोंडून मराठीच निघालं.

"ओ, आजोबा!" पोरीला ते चोख इंग्रजी वाटलं.

घड्याळजी मिशीत हसले. जरा धीर आला. आता 'अँड आय' म्हणायचं, बस्स. शब्द जिभेवर आलाही. पण त्याच्या मागोमाग तो अंगठा आला, आणि अंगठ्याखाली ती. नाही काढायचं तिला. चुकलं तर चुकलं.

"ग्रँडमा अँड मी मेड यू अ क्लॉक."

"अँड आय, आजोबा."

"अगेन?"

"ग्रँडमा अँड आय," पोरीने मास्तरणीसारखं ठासून म्हटलं.

किती सहज म्हटलं. दोघं जणू आत्ताच शेजारी-शेजारी बसून चहा पीत होती.

या खेपेला त्यांनी फोन ठेवला नाही. टिकटिकीने बाळ दचकू नये म्हणून आजीने त्या घड्याळाला फ्लॅनेलचं अंगडं शिवलं होतं. आता अंगड्याला इंग्रजीत काय म्हणावं?

"ग्रँडमा मेक शर्ट. फॉर क्लॉक."

"शर्ट? फॉर अ क्लॉक?" पोर खदखदून हसली, पण आता त्यांना नव्हे. "व्हाय, आजोबा?"

घड्याळजींनी समोरच्या खुर्चीवरचे कपडे उचलून टेबलावर ठेवले आणि सरसावून बसले. चुकायला अजून बरीच वाक्यं होती.