कोनाचं बी

रक्षाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. येसाजीची ती थोरली नात. माघात गुंद गावातल्या घरासमोर मांडव पडला आणि वऱ्हाडाला कोन उकडून वाढला. कोन म्हणजे जमिनीत वाढणारा हातभर कंद, आत जांभळा, उकडला की पिठूळ. पाव्हण्यांनी मागून मागून खाल्ला आणि घरात उरलं ते फक्त बी, अठरा कंद. हा वाण येसाजीच्या बायकोनं, देवकीनं, लग्नानंतर अणशीकडच्या माहेराहून आणला होता. माहेरची माणसं पुढं रान सोडून गेली, तिथला वेलही गेला. आता हे अठरा गेले की वाण बुडाला.

येसाजीला धास्ती एकच, रानडुकराची. आदल्या वर्षी डुकरांनी परसातला खड्डा उकरून निम्मं बी फस्त केलं होतं. म्हणून यंदा त्यानं रामनगरच्या बाजारातून झाकणाचा निळा ड्रम आणला. कंद रचले, झाकण आवळलं आणि फटी शेणमातीनं लिंपून टाकल्या. देवकीनं सांगून पाहिलं, की आई खड्ड्यातच ठेवायची, राख पसरून, मधोमध कळकाची पोकळ नळी उभी करून. येसाजी हसला. कंदाला काय हुक्का ओढायचाय, म्हणाला.

चैत्रात प्राजक्ता सुट्टीला आली. ही रक्षाची धाकटी बहीण, दांडेलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. पडवीतल्या त्या ड्रमवर बसून चहा पिताना ती मध्येच उठली आणि ताप बघायला कपाळाला लावावा तसा हात ड्रमला लावून राहिली. सावलीत ठेवलेला ड्रम कोमट होता.

"आज्जा, ह्यात काय हाय?"

"बी. डुकराच्या बापाला गावायचं न्हाई."

"आन वारा?"

"वारा कशाला? मेल्यावानी पडून हाय ते."

"जितं हाय ते, आज्जा."

मग तिनं बसून समजावलं. कंद म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पेशींचा ढीग. पावसाळ्यात पानांतल्या पेशी ऊन धरतात आणि त्याच्या जोरावर पाणी नि हवेची साखर करतात. ती वेलातून खाली उतरते. कंदातल्या पेशी तिचे पिठाचे दाणे करून साठवतात. काढलेला कंद निजलेला दिसतो, पण जीव धरून राहायला तो त्यातलं थोडं थोडं पीठ मोडून जाळत असतो. जाळायला हवा लागते. जळतं म्हणून ऊब येते, ओल सुटते. हवा संपली की पेशी गुदमरतात आणि कंद कुजायला लागतो.

"आग न्हाई, धूर न्हाई, आन जळतंय म्हणं," येसाजी म्हणाला.

"तुमच्या अंगातनं कुठं धूर निघतोय? तरी हात गरम हाय का न्हाई?"

येसाजीनं चिडून लिंपण फोडलं. प्राजक्तानं पणती दोरीला बांधली, झाकण थोडं सरकवून आत सोडली. हातभर खाली गेली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा येसाजीनं स्वतः सोडली. तीही विझली. झाकण पूर्ण काढलं तेव्हा आंबलेल्या ताडीसारखा वास अंगणभर पसरला.

अकरा कंदांचा चिखल झाला होता. उरलेल्या सातांचंही एकेक अंग मऊ पडलं होतं. देवकीनं नासका भाग कापला, कापाला राख चोळली, सावलीत टोपलीत मांडलं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर येसाजीला बरं वाटलं असतं.

त्यानं त्याच दिवशी कुदळ घेतली. नवा खड्डा काढला, कळक तोडून नळी उभी केली, वर दगड रचले, भोवती काटेरी कुंपण घातलं. सुदेश, त्याचा मुलगा, मदतीला आला तर त्याला परत पाठवलं. माझ्या हातानं गेलंय, माझ्याच हातानं येऊ दे, म्हणाला.

मृगात सात लावले, तीन उगवले. पान उघडेपर्यंत कोंब गेल्या वर्षीच्या उन्हावर जगतो, त्याची शिदोरी तेवढीच, असं प्राजक्तानं सांगितलं होतं. या कंदांची शिदोरी ड्रमातच बरीचशी जळून गेली होती. कोंब दोऱ्यासारखे बारीक होते. त्यातला एक पान उघडायच्या आधीच वाळला. दोन वेलासाठी घातलेल्या मांडवावर चढले. पायांत वात भरलेला येसाजी पावसात दिवसातून तीनदा तिथं जायचा. शेजारची पारू कौतुकानं वेलाला हात लावू लागली तर तिलाही त्यानं हाकललं. बायकोपेक्षा वेलाची काळजी जास्त, असं ती गावभर सांगत सुटली.

कार्तिकात पानं पिवळी पडली. सुदेश म्हणाला, काढू या. येसाजीनं नाही म्हटलं. पानात जे काही उरलंय ते खाली उतरू दे. वेल पार वाळल्यावर, मार्गशीर्षात, त्यानं हातानं माती सारली. दोन वेलांचे मिळून पाच कंद निघाले.

देवकी दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. पेजही घशाखाली उतरत नव्हती. येसाजीनं चुलीवर पाणी ठेवलं, एक कंद धुतला आणि तिच्याजवळ येऊन बसला.

"एक उकडतो. तुझ्या माहेरचा हाय, तू खा."

"बी खातंय काय कोण?"

"पाच हायती की."

"पाचच हायती." ती दम घेऊन म्हणाली, "माझ्या अंगात आता किती दिस जळंल ते? मातीत ठेवा जावा."

येसाजीनं धुतलेला कंद कोरडा पुसला. मग उठला. उकळलेल्या पाण्यानं त्यानं तिचे पाय शेकले, आणि पाचही कंद खड्ड्यात नेऊन ठेवले. पुढच्या मृगात पाचांचे तुकडे करून लावले, ते सगळे उगवले.

देवकीनं तो कोन चाखला नाही. ती दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी वारली.